सुप्रियो निकालानंतर समलिंगी जोडप्यांनी कोणते कागद करून ठेवावेत?

विचारू_का: समलिंगी लग्नाच्या हक्काचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२३चा सुप्रियो निकाल कुठे ५-० वाचायला मिळतो, कुठे ३-२. खरं काय? आणि पुण्यात एकत्र राहणाऱ्या दोघांनी फ्लॅट, दवाखाना, बँक यांसाठी काय करावं? कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) पुरेल का?

घटनापीठ: दोन्ही खरं. १७ ऑक्टोबर २०२३. लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि १९५४च्या विशेष विवाह कायद्यात कोर्ट शब्द घालणार नाही, यावर पाचही न्यायमूर्ती एकमत. फाटाफूट झाली ती लग्नाविना जोडीला कायदेशीर मान्यता आणि दत्तक यांवर. चंद्रचूड, कौल बाजूने. भट, कोहली, नरसिंह विरोधात. फेरविचार याचिका ९ जानेवारी २०२५ला फेटाळल्या. बातम्यांत हरवलेला मुद्दा: ट्रान्स व्यक्तीला स्त्री-पुरुष नात्यात आजच्या कायद्यानेही लग्न करता येतं. तेही एकमताने.

मुद्रांक: कुलमुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणारा गेला की ते संपतं, मानसिक क्षमता गेली तरी संपतं. म्हणजे ऐन गरजेला रद्दी! दवाखान्यासाठी वैद्यकीय इच्छापत्र करा: दोन साक्षीदार, शिवाय नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. त्यात जोडीदाराचं नाव घाला. मात्र ते जीवरक्षक उपचार थांबवण्यापुरतंच. साध्या ऑपरेशनच्या संमतीला उपयोगी नाही.

जॉइंट खातं आणि नॉमिनी, दोन्हींना आडकाठी नाही. अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४मध्ये तसं स्पष्टच केलंय. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअर्सच्या बाबतीत साळगावकर प्रकरणात (डिसेंबर २०२३) सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं.

फ्लॅट बक्षीसपत्राने देऊ नका. राहत्या घराच्या बक्षीसपत्राला नवरा-बायकोत २०० रुपये मुद्रांक शुल्क. तुम्हाला खरेदीखतासारखा पूर्ण. वर, ५० हजारांपुढची भेट घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. त्यापेक्षा घर घेतानाच दोघांच्या नावे घ्या, हिस्से टक्क्यांत लिहा आणि पैसे त्याच प्रमाणात आपापल्या खात्यातून भरा. आपापल्या हिश्श्याचं मृत्युपत्र करा. त्याला ना मुद्रांक, ना तो प्राप्तिकर.

विचारू_का: मृत्युपत्र नसेल तर? आणि घरच्यांनी आव्हान दिलं तर?

मुद्रांक: नसेल तर अविवाहित, निपुत्रिक हिंदू पुरुषाचं सगळं हयात आईकडे, जोडीदाराला शून्य. स्वकष्टार्जित मात्र मृत्युपत्राने कुणालाही देता येतं. नोंदणी सक्तीची नाही, तरी करा. त्याच तारखेचा डॉक्टरांचा दाखला सोबत ठेवा. आणि साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान निवडा. वाद कोर्टात गेला तर साक्षीला उभं राहणारं कुणीतरी हयात हवं.