पंखासारखे छप्पर असलेले जुने हॉटेल : दुरुस्त करावे की पॅनेलने झाकावे?

चिरेबंदी_फोंडा
नमस्कार. फोंड्याजवळ हमरस्त्याला लागून एक चहा-फराळाचे जुने हॉटेल आहे, बांधकाम सत्तरच्या दशकातले. भिंती चिऱ्याच्या, पण पुढचे छप्पर आरसीसीचे. दोन्ही बाजू वर उचललेल्या आणि मध्ये पन्हळ. रस्त्याकडे 1.8 मीटरचा छज्जा झेपावतो, मुळाशी 180 मिमी जाड, टोकाला 80. वर एक नऊ फुटी लोखंडी बाण असून त्यावर निऑनची अक्षरे आहेत (बंद).

छज्ज्याखालून सिमेंटचे पोपडे पडतात, दोन ठिकाणी सळ्या दिसतात, पन्हळीत पाणी साचते. ठेकेदार म्हणतो, खालून प्लास्टर मारू आणि पुढून अ‍ॅल्युमिनियम पॅनेल लावू. मालकांना मूळ रूप हवे आहे. नेमके काय करावे? आणि ही घडण आली कुठून?

नकाशा_पणजी
घडण कॅलिफोर्नियातली. लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवर 1949 साली जॉन लॉटनर यांनी 'गूगीज' नावाचे कॉफी शॉप बांधले. 1952 मध्ये डग्लस हॅस्केल या संपादकाने हेच नाव अख्ख्या शैलीला दिले, तेही टीका करताना. गिऱ्हाईक मोटारीत बसलेले, वेग भरपूर. इमारतीने दुरूनच हाक मारायची, म्हणून छप्पर उंच तिरके, पाटी छपराएवढी मोठी आणि मोठ्या काचांतून आतले काउंटर रस्त्यावरूनच दिसेल अशी मांडणी. 1957 मध्ये स्पुटनिक उडाला आणि तारे, कक्षा, बाण यांची आवड वाढली. लॉस एंजेलिस विमानतळावरची थीम बिल्डिंग 1961 ची.

सत्तरच्या दशकात हे सारे भडक ठरले आणि पाडापाडी झाली. वाचले ते बहुतेक वापरात होते म्हणून. डाउनी गावातले 1953 चे मॅकडोनाल्ड्स 1994 च्या भूकंपानंतर बंद पडले, लोकांनी रेटा लावला आणि 1996 मध्ये ते पुन्हा उघडले. ला सिएनेगा रस्त्यावरच्या 1957 च्या 'नॉर्म्स' या उपाहारगृहाला 2015 मध्ये वारसा दर्जा मिळाला. पॉल विल्यम्स यांनी लास व्हेगासला बांधलेल्या ला कोंचा मोटेलची पातळ काँक्रीटची लॉबी तर आठ तुकड्यांत कापून दुसरीकडे नेली. आज ती निऑन संग्रहालयाचे प्रवेशदालन आहे.

तुमच्या हॉटेलचे मोल त्या पातळ कडेत आहे. पॅनेल लावले की 80 मिमीची कड फूटभर जाड दिसेल आणि छपराचे उडणेच संपेल. शिवाय पॅनेलमागे खारी दमट हवा कोंडते, सळ्या गंजत राहतात आणि तडे कुणाला दिसत नाहीत. पॅनेल नकोच.

सळई_मडगाव
प्लास्टरचा बेत आधी थांबवा. छज्ज्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते. खाली दिसतात त्या बहुधा वाटणीच्या (भार पसरवणाऱ्या आडव्या) बारीक सळ्या. पन्हळीचे पाणी मात्र वरून मुरते, म्हणजे खरी काळजी वरच्या सळईची. खालून कितीही लिंपले तरी तिला काही उपयोग नाही.

टेकू लावल्याशिवाय वरून छिन्नी चालवू नका, अख्खा छज्जा खाली येऊ शकतो. टोकाजवळ दर मीटरला लोखंडी प्रॉप, खाली आणि वर फळी. प्रॉप नुसता टेकवायचा. छज्जा उचलायला गेलात तर मुळाशी खालून तडा जाईल.

मग तपासणी. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारा: गुलाबी झाले तर सळईला गंजापासून जपणारी अल्कली शाबूत, रंग आला नाही तर कार्बोनेशन (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने अल्कली संपणे) तिथवर पोचले. पण मीठ (क्लोराइड) या चाचणीत कळत नाही. त्यासाठी 25 आणि 50 मिमी खोलीवरची ड्रिलची पूड प्रयोगशाळेत द्या. आयएस 456 (काँक्रीटचे भारतीय मानक) ची मर्यादा घनमीटरला 0.6 किलो क्लोराइड आहे.

दुरुस्ती मीटर-मीटरच्या पट्ट्यांत, एक आड एक. सळईच्या मागे 20-25 मिमी मोकळे होईपर्यंत फोडा. अर्धी सळई जुन्या काँक्रीटमध्ये राहिली तर गंज मागून पुन्हा सुरू होतो. सळई चकचकीत घासा, त्याच दिवशी झिंक प्रायमर द्या, मग पॉलिमर मॉर्टर थरांत भरा आणि सात दिवस ओले गोणपाट ठेवा. गंजाने सळईचा छेद (आडवे क्षेत्रफळ) पावपट खाल्ला असेल तर नवी जोडा, पण ती आतल्या स्लॅबमध्ये छज्ज्याच्या दीडपट, म्हणजे 2.7 मीटर जायला हवी. हा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या.

मीठ जास्त निघाले तर ठिगळाच्या कडेला, जुन्या काँक्रीटमध्ये, दोन-तीन वर्षांत नवे तडे येतात. नवा भाग सुरक्षित होतो आणि गंज शेजारी सरकतो. त्यावर उपाय म्हणजे ठिगळाच्या कडेने सळईला, तिच्याऐवजी स्वतः झिजणारे, जस्ताचे अ‍ॅनोड बांधणे. काम ऑक्टोबरात धरा, मिरगाआधी वॉटरप्रूफिंग सुकलेले हवे.

चिरेबंदी_फोंडा
सळईदादा, खूप आभार. पन्हळीला सध्या एकच पाइप आहे, 75 मिमीचा. छप्पर साधारण 80 चौरस मीटर.

सळई_मडगाव
मग पाणी साचणारच. तासाला 100 मिमी पाऊस धरला तर 100 मिमीचा पाइप जेमतेम 40 चौरस मीटरचे पाणी नेतो. दोन लागतातच, तुम्ही तीन घाला, कारण आंब्याफणसाची पाने एक तरी तुंबवतात. पन्हळीला 1:100 उतार, तोंडाला घुमटी जाळी आणि काठापेक्षा 50 मिमी खाली एक मोकळी पन्हाळी रस्त्याच्या बाजूला काढा. ती वाहू लागली की जाळी साफ करायची वेळ झाली असे समजावे.

वायरमन_म्हापसा
बाणाबद्दल. काचेच्या नळ्या फुटल्या नसतील तर फेकू नका. निऑन बहुधा नळीमुळे बंद पडत नाही, इलेक्ट्रोडच्या टोप्यांत खारट ओल शिरते आणि 15,000 व्होल्टची गळती लोखंडाकडे होते. आधी ट्रान्सफॉर्मर आणि टोप्या तपासून घ्या, काम उच्च दाबाचे आहे, साध्या वायरमनला देऊ नका. लाल प्रकाश म्हणजे निऑन, निळा म्हणजे आरगॉन आणि पारा. निळी नळी फुटली तर पारा हाताने गोळा करू नका.

नळ्या गेल्या असतील तर 24 व्होल्टची सिलिकॉन एलईडी पट्टी लावा, आयपी67 (धूळ-पाणी आत न शिरणारी). पीव्हीसीची नको, उन्हात पिवळी पडते. दर पाच मीटरला वेगळी वीज द्या, नाहीतर टोक मंद दिसते. लोखंडी बाणाला वेगळे अर्थिंग दोन्ही प्रकारांत लागते.

नकाशा_पणजी
एक राहिले. खर्चात पडण्याआधी सर्व्हे प्लॅन आणि फॉर्म एक-चौदा (गोव्यातला जमिनीच्या हक्काचा उतारा) काढून रुंदीकरणाची हद्द छज्ज्यावरून जाते का ते पाहा, आणि पंचायतीकडे दुरुस्तीचा अर्ज आताच द्या. अर्जाला छपराची मापे आणि चारी बाजूंचे फोटो जोडा. पुढेमागे काही पाडले गेलेच तर निदान नेमकी नोंद हाताशी राहील.