अनुभव धागा : कॅबरे गायिकेवरील नाटकाचे अभिवाचन

धागाकर्ती, नौपाडा
शनिवारी आमच्या भागात एका कॅबरे गायिकेवरील नव्या नाटकाचे अभिवाचन झाले. प्रवेश विनामूल्य होता आणि दाराशी चपला ठेवायलाही जागा उरली नव्हती. रंगसूचना वाचणाऱ्या मुलीने ‘निळा प्रकाश, सॅक्सोफोन’ एवढेच म्हटले, आणि ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडातही मला आमच्या चरईच्या चाळीतील एक मावशी आठवल्या. त्या चर्चगेटजवळच्या एका हॉटेलात गात आणि शेवटच्या गाडीने ठाण्याला परतत. अंगावर सुती साडी, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत उंच टाचांचे सोनेरी सँडल. एरवी त्यांच्याविषयी कुजबुजणाऱ्या बायका गणपतीत मात्र आरतीचा पहिला सूर त्यांनीच धरावा म्हणून थांबत. कोणी असे अभिवाचन ऐकले असल्यास किंवा अशी गायिका जवळून पाहिली असल्यास अवश्य लिहावे.

कळवेकर
ताई, मीही होतो. चर्चेत एका गृहस्थांनी ‘म्हणजे हे डान्सबारवरचे नाटक का?’ असे विचारले आणि डान्सबारवरील २००५ ची बंदी, तिच्याविरुद्धचा २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांतच बराच वेळ गेला. हिंदी चित्रपटांमुळे आपल्याला कॅबरे म्हटले की नाचच आठवतो. बँडशेजारी उभी राहून गाणारी बाई कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

वाशीची वाचक
माझे आजोबा गोव्याचे. हॉटेलच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत. ते सांगत, की गोव्याच्या वादकांना स्वरलिपी वाचता येत असल्यामुळे रात्री हॉटेल आणि दिवसा चित्रपटांचे ध्वनिमुद्रण, अशी दोन्ही कामे चालत. ‘ताज’मध्ये बँड वाजवणारे चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचे साहाय्यकही होते. वादकांना ही दुसरी वाट होती, गायिकांना ती क्वचितच मिळाली. ख्रिस पेरी यांच्या बँडबरोबर गाणाऱ्या लॉर्ना आज सर्वांना ठाऊक आहेत, त्या कोंकणी गीतांमुळे. बाकीच्या किती जणींची नावे आजोबांनाही आठवत नसत.

नेरूळ
पुढील वाचन वाशीच्या भावे नाट्यगृहात होणार आहे का? ठाण्याहून रात्री परतणे आईला झेपत नाही.

मानपाडा
मला वाचन आवडले, पण एक तक्रार आहे. गायिकेची गाणी नुसती वाचून दाखवली. पेटीवर निदान एक ओळ तरी गायला हवी होती. जिचे सारे आयुष्य गळ्यावर उभे आहे, तिचा गळाच ऐकू आला नाही तर प्रेक्षकाने विश्वास कशावर ठेवायचा?

धागाकर्ती, नौपाडा
दादा, मला ते नेमके उलट वाटले. चाल नसल्यामुळे शब्द किती पोकळ आहेत हे कळले, आणि रोज रात्री तेच शब्द रंगवून गाण्यात तिचे किती कसब असेल तेही कळले. नेरूळच्या ताई, वाशीचे ठरल्यास येथेच कळवीन.

खारघर
प्रयोग लावायचा तर संहिता आधी मंजुरीसाठी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे, जाईल. तोवर लेखिकेला काटछाट करण्यास अवधी आहे. दुसऱ्या अंकातील हॉटेलमालकाचे स्वगत निम्मे करावे. नायिका पगार मागायला येते आणि तिला दोनच वाक्ये मिळतात, हे बरे नव्हे. अभिप्रायाच्या कागदावर मी तसे लिहून दिले आहे.