अनुभव धागा : ‘जुमांजी – वेलकम टू द जंगल’कडून काय अपेक्षा होती आणि काय मिळाले?

१९९५चा रॉबिन विल्यम्स यांचा ‘जुमांजी’ ज्यांच्या बालपणाचा भाग आहे, त्यांच्यापैकी अनेकांनी २०१७ साली आलेल्या या पुढच्या भागाचे नाव ऐकून नाक मुरडले होते. विल्यम्स २०१४ साली गेले होते, फासे टाकून खेळायच्या लाकडी पटाच्या जागी व्हिडिओ गेम आला होता आणि पोस्टरवर ड्वेन जॉन्सन उभे होते. एवढ्या भांडवलावर फार तर दोन घटका वेळ जाईल, असाच एकंदर अंदाज होता. प्रत्यक्षात जेक कॅसडन यांच्या या चित्रपटाने जगभरात ९५ कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. तो आकडा निर्मात्यांना लखलाभ असो. आपण प्रेक्षक म्हणून आलेले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती. शेवटाविषयी लिहिताना रहस्यभेद झाला तरी हरकत नाही.

एक पालक, ठाणे

मुलाच्या हट्टामुळे गेले होते आणि मध्यंतरापर्यंत डुलकी काढण्याचा बेत होता. शिक्षा म्हणून शाळेत थांबवलेली चार मुले जुना गेम सुरू करतात आणि त्यात ओढली जातात, इथवर सगळे ठरावीक वाटले. परंतु जंगलात पडल्यावर प्रत्येकाला भलतेच शरीर मिळते आणि तिथून चित्रपट खऱ्या अर्थाने सुरू होतो. भित्रा, अभ्यासू स्पेन्सर जॉन्सन यांच्या देहात शिरतो, धिप्पाड फुटबॉलपटू फ्रिज केविन हार्ट यांच्या ठेंगण्या देहात अडकतो आणि सदैव स्वतःचे फोटो काढणारी बेथनी जॅक ब्लॅक यांच्या रूपात पोट सुटलेला मध्यमवयीन प्राध्यापक होऊन बसते. ब्लॅक यांनी बायकी हावभावांची नक्कल केलेली नाही, हे मला विशेष वाटले. लाजाळू मार्थाला पहारेकऱ्यांना भुलवण्यासाठी केस कसे उडवायचे आणि कसे चालायचे, हे ते इतक्या तन्मयतेने शिकवतात की समोर दाढीवाला पुरुष आहे याचा विसर पडतो. पुरुषाने बाईचे सोंग घेतले की विनोद आपोआप होतो, अशा समजुतीवर आपल्याकडे कित्येक कार्यक्रम चालतात. त्यांच्या लेखकांनी हा प्रसंग जरूर पाहावा.

गेम खेळणारा एक जण, नाशिक

व्हिडिओ गेमवरचे चित्रपट सहसा गेमचे नियम सोयीनुसार विसरतात, म्हणून मी शंकेनेच पाहायला बसलो होतो. येथे प्रत्येकाच्या हातावर तीन रेघा, म्हणजे तीन जीव आहेत, आणि एक जीव गेला की माणूस आकाशातून धपकन खाली येतो. छातीवर हात मारला की गुण आणि उणिवांची यादी हवेत उमटते. फ्रिजच्या उणिवांत वेग आणि शक्ती यांच्या जोडीला केक आहे. बाजारात तो गैरसमजाने केक खातो आणि चक्क स्फोट होऊन उडून जातो. वाटाड्या नायजेलला काहीही विचारले तरी तो ठरलेली वाक्येच पुन्हा ऐकवतो, हे ज्यांनी गेम खेळले आहेत त्यांना जास्त हसवेल. मात्र खरी दाद शेवटाला द्यायला हवी. विष ही मार्थाची उणीव असल्याचे सुरुवातीलाच सांगितलेले असते. शेवटच्या चढाईत ती गेम संपवण्यासाठी परत बसवायचे रत्न हातात घेऊन मुद्दाम सापाचा दंश ओढवून घेते, कारण मेल्यावर आपण वरून पडणार आणि रत्नही सोबत येणार, हे तिने हेरलेले असते. पटकथेत आधी पेरलेले असे नेमके उगवले की तिकिटाचे पैसे वसूल होतात.

एक वाचक, कोल्हापूर

टीव्हीवर हिंदीत पाहिला. हसलो भरपूर, पण खलनायक व्हॅन पेल्ट अगदीच बेताचा आहे. अंगातून किडे निघतात, यापलीकडे त्याच्याबद्दल काही आठवत नाही. गेंड्यांचा पाठलागही लांबला आहे.

जुन्या ‘जुमांजी’ची चाहती, पुणे

मला हा चित्रपट आवडू नये, अशी माझी जवळजवळ इच्छाच होती. पण जंगलातल्या झोपडीत लाकडावर कोरलेले ॲलन पॅरिशचे, म्हणजे जुन्या चित्रपटातल्या विल्यम्स यांच्या पात्राचे, नाव दिसले आणि त्यांची आठवण भाषणबाजीशिवाय जागवल्याचे समाधान वाटले. त्याच झोपडीत ॲलेक्स राहत असतो. तो १९९६ सालापासून अडकलेला आहे, मात्र त्याच्या हिशेबाने काही महिनेच लोटले आहेत. वीस वर्षे उलटल्याचे समजताच ॲलेक्स झालेल्या निक जोनस यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडतो, तेव्हा थिएटरातले हसणे अचानक थांबले होते. डास चावून तो मरायला टेकतो आणि बेथनी आपला एक जीव त्याला देते. परत आल्यावर भेटणारा ॲलेक्स संसारी गृहस्थ झालेला असतो आणि त्याने मुलीचे नाव बेथनी ठेवलेले असते. इतक्या धांगडधिंग्याच्या चित्रपटाने मला डोळे पुसायला लावावेत, हे अपेक्षेत नव्हते. २०१९चा पुढचा भागही लगोलग पाहिला. त्यात डॅनी डेव्हिटो आणि डॅनी ग्लोव्हर यांची म्हातारी पात्रे गेममध्ये शिरतात. मजा आहे, पण शरीरे बदलण्याची गंमत एव्हाना माहीत झालेली असल्याने पहिल्याइतकी रंगत नाही.