अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि आतड्यातले जिवाणू : अनुभव हवेत (नाशिक)

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा जुनाट आजार आहे. वय २६, अंबडला एका कंपनीत शिफ्टची नोकरी. मेसालामाइनच्या (आतड्याची सूज उतरवणारं औषध) गोळ्या आणि एनिमा चालू आहेत. स्टेरॉइड चालू असतं तोवर बरा असतो, डोस उतरवत आणला की पुन्हा रक्त, आव, कळा. कॅलप्रोटेक्टिन (मळाच्या तपासणीतला आतड्याच्या सुजेचा आकडा) परत चढलंय. डॉक्टर आता अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) म्हणतायत, त्यानेही भागलं नाही तर बायोलॉजिक, म्हणजे सूज वाढवणारे ठरावीक घटक रोखणारी इंजेक्शनं.

पहिल्या पाळीला तो उपाशीच निघतो, कारण कंपनीची बस मध्ये कुठे थांबत नाही. दुपारी आई डबा उघडते तर पोळ्या तशाच. रविवारी मित्र मखमलाबाद रोडला मिसळ खायला जातात, हा नुसता सोबतीला. सगळ्यांच्या पुढ्यात तर्री आणि याच्या पुढ्यात दह्याची वाटी. बारीक झालाय खूप.

आता मूळ प्रश्न. मामांनी कुठूनतरी ऐकलंय की हा आजार म्हणजे पोटातल्या चांगल्या जिवाणूंची कमतरता, ते भरून काढले की गोळ्या सोडून देता येतात. आमचे अण्णा दिंडोरीकडे द्राक्षबाग करतात, त्यांना हे लगेच पटलं. बागेला दरवर्षी ड्रिपमधून जिवाणू सोडतो, मग पोटाला का नको, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना एवढंच म्हटलं, की अण्णा, जिवाणू सोडले म्हणून पावसाळी हवेत डावणी रोगाची फवारणी तुम्ही बंद करता का? त्यावर ते गप्प बसले, पण मामा अजून ऐकत नाहीत. घरात रोज हाच विषय.

मी वाचलं त्यावरून जिवाणूंची गोष्ट खोटी नाही. आपण खाल्लेल्या चोथ्यातून मोठ्या आतड्यातले काही जिवाणू ब्युटिरेट तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी प्रामुख्याने त्यावरच जगतात. अशा रुग्णांत ते बनवणारे जिवाणू, उदाहरणार्थ फिकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी, बऱ्याचदा कमी सापडतात. पण ते कमी झाल्याने सूज येते की सुजेमुळे ते कमी होतात, हे अजून पुरतं सुटलेलं नाही. शिवाय या जिवाणूला ऑक्सिजन सोसत नाही, त्यामुळे मेडिकलमधून एक कॅप्सूल आणली आणि काम झालं असं होत नाही.

प्रोबायोटिकमध्ये, म्हणजे औषध म्हणून घ्यायच्या जिवंत जिवाणूंमध्ये, त्यातल्या त्यात आधार आहे तो ई. कोलाय निसल १९१७ या जिवाणूला. पहिल्या महायुद्धात आजूबाजूचे सैनिक जुलाबाने हैराण असताना एक जण ठणठणीत होता, त्याच्या मळातून आल्फ्रेड निसल या जर्मन डॉक्टरांनी तो वेगळा काढला. आजार शांत झाल्यावर तो शांत ठेवायला हा जिवाणू मेसालामाइनच्या तोडीस तोड ठरल्याचे प्रयोग आहेत. आठ जिवाणूंच्या मिश्रणाची चाचणी भारतातही झाली, २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि सौम्य ते मध्यम आजारात उपयोग दिसला. तरीही अमेरिकन गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिकल असोसिएशन या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सांगितलं, की या आजारात प्रोबायोटिक फक्त संशोधनाच्या चौकटीतच द्यावीत. म्हणून मामांनी आणलेली बिनलेबलची पावडर मी कपाटात कुलूप लावून ठेवलीय.

दुसरी गोष्ट मळ प्रत्यारोपणाची, म्हणजे निरोगी माणसाचा मळ तपासून, गाळून रुग्णाच्या आतड्यात सोडतात ती. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जुलाब घडवणाऱ्या जिवाणूच्या वारंवार होणाऱ्या संसर्गावर हा उपाय चांगला सिद्ध झालाय. कोलायटिसमध्ये काहींना गुण येतो, काहींना नाही. दिल्लीच्या एम्सने तो विशिष्ट आहारासोबत देऊन पाहिला, २०२२ मध्ये निष्कर्ष आले आणि ते आशादायक आहेत. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजातही यावर काम झालंय. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र कुणीतरी हे घरीच करायची कृती पाठवलीय. कृपा करून असं कुणी करू नका. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने इशारा दिला होता, की नीट न तपासलेल्या मळातून प्रतिजैविकांना दाद न देणारा ई. कोलाय दोन रुग्णांत गेला आणि त्यातला एक दगावला. दोघांचीही प्रतिकारशक्ती कमी होती, आणि माझा भाऊ तर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या स्टेरॉइडवर आहे.

ज्यांना स्वतःला किंवा घरच्यांना हा अनुभव आहे त्यांनी जरूर लिहा. मळ प्रत्यारोपण करून घेतलेलं कुणी आहे का, मुख्य औषध चालू ठेवूनच केलं का, आणि गुण किती टिकला? नाशिकहून मुंबई-पुण्याला दाखवायला जाणारे कुणी असतील तर हा उपचार तिथे नियमित होतो की फक्त चाचणीत, तेही कळवा. फ्लेअर (आजार उसळलेला) असताना मळाची क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसाठी तपासणी करून घ्यावी असं वाचलंय, इथल्या कुठल्या लॅबमध्ये ती होते?

खाण्याचंही सांगा. सूज असताना चोथा कमी ठेवायचा हे डॉक्टरांनी सांगितलंय. पण आजार शांत झाल्यावर नागलीची भाकरी, ताक, शिजवलेल्या भाज्या कोणी कशा क्रमाने सुरू केल्या? शिफ्टवाल्या माणसाला जमेल असं लिहिलंत तर फार बरं होईल. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना "गोळ्या सोडू नका" हे कुणी कसं पटवलं, तेही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतलीय. त्याआधी उत्तरं आली तर प्रश्न कागदावर लिहून नेता येतील.