‘नियती’ अर्ध्यावर सोडता येते का?

कोरी वही: पाउलो कोएलोच्या ‘द अल्केमिस्ट’ या 1988 सालच्या पोर्तुगीज कादंबरीवर लेख चाललाय, अंदालुसियातला मेंढपाळ पिरॅमिडपर्यंत जातो, ती. कळीचा शब्द ‘लेंडा पेसोआल’, शब्दशः ‘व्यक्तिगत दंतकथा’, म्हणजे माणूस ज्यासाठी जन्माला येतो ते. मी ‘नियती’ लिहिलं, संपादकांनी सगळीकडे ‘स्वप्न’ केलं. आता एक वाक्य असं झालंय: ‘त्याला पडलेलं स्वप्न त्याला त्याच्या स्वप्नाकडे घेऊन गेलं.’ काय करावं?

शंकासुर: ‘व्यक्तिगत दंतकथा’ केलं नाहीत हेच खूप! आणि ‘लेंडा’ तसाच ठेवू नका. नायक मेंढपाळ आहे, वाचकाला लेंड्याच दिसतील.

क्रियापद: नुसतं नाम बघून भागणार नाही, सोबतची क्रियापदं तपासा. कादंबरीत माणसं ही गोष्ट ओळखतात, तिच्यामागे जातात आणि मुख्य म्हणजे सोडूनही देतात. मोरोक्कोतल्या टँजियरचा काचेच्या भांड्यांचा व्यापारी मक्केला जायचं मनात धरून बसतो आणि जात नाही. आता मराठी शब्द लावा. प्रारब्ध भोगतात. नशीब उघडतं किंवा फुटतं. दैव फिरतं. भाग्य फळफळतं. विधिलिखित टळत नाही. यातलं काहीच माणूस आपण होऊन सोडत नाही. ‘नियती’ तर नि + यम्, ‘नियम’ची सख्खी बहीण, बांधून घालणारी. ‘त्याने आपली नियती अर्ध्यावर सोडली’ हे व्याकरणात बसतं, कानाला खटकतं. ‘ध्येय’ सोडता येतं, पण ते आपण ठरवतो. तुम्हाला शब्द हवाय तो आधीच ठरलेल्या, तरीही सोडता येणाऱ्या गोष्टीसाठी.

पोथीनिष्ठ: मग ‘स्वधर्म’ आहे की! ठरलेला, तरी सोडता येणारा. अर्जुन तेच करायला निघाला होता. फक्त ‘नशीब’, ‘किस्मत’ असले परके शब्द नकोत.

शंकासुर: स्वधर्म म्हटलं की मागोमाग वर्ण आला. मेंढपाळाने मेंढरंच राखावीत असा उलटा अर्थ निघेल. आणि परके कसले? ‘नशीब’ मुळात अरबी, अर्थ ‘वाटा’. ‘किस्मत’ म्हणजे वाटणी. तुमचं ‘भाग्य’ भज् धातूवरून, तिथेही वाटाच. एकाच अर्थाचे तीन शब्द, त्यातला एक सोवळ्यातला.

पोथीनिष्ठ: अर्थ जुळला म्हणून घराणं जुळत नाही.

अक्षरशत्रू: घराण्यावरूनच सांगतो. ‘लेंडा’च्या मुळाशी लॅटिन ‘लेगेंडा’, म्हणजे ‘वाचायच्या गोष्टी’. त्याच व्यापाऱ्याच्या तोंडी ‘मक्तुब’ येतं. ते अरबी, ‘किताब’च्याच धातूचं, अर्थ ‘लिहिलेलं’. एक लिहून ठेवलेलं, दुसरं वाचायचं! लिहिलेलं पुसता येत नाही, पण पोथी न उघडता फडताळात ठेवता येते. व्यापाऱ्याने तेच केलं. म्हणून ‘विधिलिखित’ मक्तुबसाठी राखून ठेवा, दोन्हीकडे वापरलंत तर ही जोडी गेली. सटवाईचा लेख मात्र नको, ती बाई वाळवंटात शोभणार नाही. लेंडाला ‘जीवनलेख’ कसा वाटतो?

क्रियापद: दिवाळी अंकातल्या सदरासारखा. मेंढपाळ मुलाला ही गोष्ट पहिल्यांदा सांगणाऱ्या म्हाताऱ्या राजाच्या तोंडी एकदाच ‘जीवितकार्य’ घाला. ते पार पाडतात, टाकूनही देतात. पुढे मुलाशी बोलताना उलगडून लिहा: ‘ज्यासाठी जन्माला आलास ते’. तीनदा आलं की वाचक ओळखेल. झोपेतलं ते ‘स्वप्न’. जागेपणीचा तो ‘ध्यास’. ध्यास लागतो, घेता येतो आणि सुटतोही.

कोरी वही: ‘ध्यास’ चालेल असं वाटतंय. पण लेखाचं शीर्षक ‘स्वप्नांचा पाठलाग’ आहे.

पोथीनिष्ठ: पाठलाग चोराचा करतात.

शंकासुर: आणि पाठपुरावा अर्जाचा. तरी ‘स्वप्नांचा पाठलाग’ इंग्रजीतून येऊन रुळलाय, आता हाकलून जाणार नाही. माझी हरकत वेगळीच आहे. मसुद्यात ‘नियतीवाद’ लिहिलं असेल तर आधी ते बदला. सुटा शब्द ‘नियती’, पण समासात पहिलं पद आलं की ऱ्हस्व: ‘नियतिवाद’.

कोरी वही: मग ‘स्वप्नपूर्तिसाठी’ का?

शंकासुर: नाही, ‘स्वप्नपूर्तीसाठी’. तिथे पूर्ती शेवटचं पद आहे. ‘पूर्तिसोहळा’ असतं तर ऱ्हस्व.

अक्षरशत्रू: ऱ्हस्वदीर्घाचा हा नियम तत्सम शब्दांनाच का, हे कुणी सांगेल का? वेगळा धागा काढतो.

पोथीनिष्ठ: काढा. पण तिथे ‘नशीब’ नको.