मदत हवी आहे: कृत्रिम हृदयाच्या मॉडेलमध्ये डावं-उजवं जुळेना

नमस्कार मंडळी. लातूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी कृत्रिम हृदयाचं पाण्यावरचं मॉडेल मांडलंय, आणि आठ दिवस एकाच जागी अडकलोय.

कूलरच्या दोन मोटारी, दोन बादल्या, बाबांकडच्या ठिबकच्या नळ्या आणि कॉक. (बाबा ठिबकचं फिटिंग करतात. बायव्हॅकॉर हे कृत्रिम हृदय काढणाऱ्या डॅनियल टिम्स यांचे वडील प्लंबर होते, हे वाचूनच विषय घेतला, खोटं कशाला बोलू.) उजवी मोटार शरीराच्या बादलीतलं पाणी फुप्फुसाच्या बादलीत टाकते, डावी तिथून परत शरीराच्या. लिटरचं माप १२ सेकंदांत भरेल असे दोन्ही कॉक लावले. म्हणजे मिनिटाला ५ लिटर, बसल्या जागी माणसाचं हृदय साधारण एवढंच ढकलतं. तरी दोन बोटं उणी ठेवलेली फुप्फुसाची बादली पाव तासात सांडली. फरशीभर पाणी. आई अजून बोलायलीय.

स्टॉपवॉच अर्धा सेकंद चुकलं तरी मिनिटाला २०० मिलीचा फरक पडतो. पेशंट असता तर दहा मिनिटांत फुप्फुसात दोन लिटर! त्यात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की दोन्ही मोटारी सारख्या मंदावत नाहीत.

बायव्हॅकॉरमध्ये एकाच चकतीच्या दोन्ही अंगांना पाती असतात. चकती चुंबकावर तरंगते, इकडे-तिकडे सरकून प्रवाह जुळवते. २०२४ मध्ये ह्यूस्टनला ते पहिल्यांदा माणसात बसवलं. ते आमच्या बजेटमध्ये नाही. शिवाय खऱ्या शरीरात डाव्या बाजूला किंचित जास्तच ढकलावं लागतं, कारण श्वासनलिकांना गेलेलं थोडं रक्त उजवीकडे न जाता सरळ डावीकडे उतरतं. सेन्सर न लावता हे कसं जमवू?

रिवाइंडिंगवाला: मोटारीला दोष देऊ नका, बादली बघा. अर्धा लिटर जास्त आलं तर तेवढ्या रुंद बादलीत पातळी पाऊण सेंटिमीटर चढणार. मोटारीला कळावं कसं? बादल्या काढा, दोन इंची पाइप उभे करा. तेच पाणी वीतभराहून वर चढेल, डाव्या मोटारीच्या तोंडाशी दाब वाढेल, ती आपसूक जास्त फेकेल. उजवीकडे पातळी उतरली की ती कमी फेकेल. खरं हृदयसुद्धा येईल तेवढंच पुढं ढकलतं की.

धागाकर्ता: दादा, दोन इंची पाइप घरीच आहे. वरचं तोंड बंद करू का?

रिवाइंडिंगवाला: उघडंच ठेवा. आणि खाली परात ठेवा.