विमा आला म्हणून इमर्जन्सीतली गर्दी हटत नाही
"सगळ्यांना विमा मिळाला की लोक वेळेवर डॉक्टरकडे जातील, इमर्जन्सीतली गर्दी ओसरेल, खर्च आपोआप उतरेल" हा ओबामाकेअरच्या, म्हणजे अमेरिकेत ओबामांच्या काळात आलेल्या आरोग्यविमा कायद्याच्या, बाजूचा मुद्दा बरेच जण मांडतात. ऐकायला झकास, पण अमेरिकेतल्याच ओरेगन राज्याचा अनुभव उलटा आहे. तिथे २००८ मध्ये मेडिकेडच्या (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) मोजक्या जागा चक्क लॉटरीने वाटल्या, त्यामुळे नंबर लागलेले आणि न लागलेले यांची सरळ तुलना करता आली. विमा मिळालेल्यांच्या इमर्जन्सीच्या फेऱ्या पहिल्या दीडेक वर्षात सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्या! साहजिकच आहे म्हणा; फॅमिली डॉक्टरची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनंतरची, आणि पाठीत उसण भरते रात्री अकराला.

हां, त्याच लोकांची दवाखान्याची देणी आणि नैराश्य मात्र बरंच कमी झालं. कायद्याची बाजू घ्यायचीच तर या मुद्द्यावर घ्या, बचतीचं गाजर नको.